ऐनाखालच्या चपला

१

"आधी दगड, मग पाय, मग खिट्टी. ध्यानात ठेव, दीपेश. आणि एवढं करून डबा सुटलाच, तर सुटू दे. मागं धावायचं नाय. लोखंड परत मिळतं, माणूस मिळत नाय."

काळूरामचा हा आवाज देवकीच्या कानात इतका मुरला होता की, तो गेल्यावरही पहाटे तुळशीला पाणी घालताना तिला तो ऐकू यायचा. अंगणात जांभळीखाली उभा राहून तो पुतण्याला शिकवायचा आणि ती ओट्यावर तांदूळ निवडत ऐकायची. डबा उभा करताना आधी चाकांना दगड लावायचे, मग पुढचे लोखंडी पाय खाली सोडायचे, आणि मगच खिट्टी ओढून पिकअप मोकळी करायची. निघताना नेमकं उलटं.

काळूरामने जन्मभर बंदरातून कंटेनर ओढणारे लांबलचक ट्रेलर चालवले. घरी बसायची वेळ आली तेव्हा त्याला घरही सोडवेना आणि रस्ताही सोडवेना. मग शहापूरला वेल्डिंगचं दुकान असलेल्या साईनाथला हाताशी धरून त्याने चाकांवरचं घर बांधलं. आत दोन बाकं, एक ओटा, पाण्याची टाकी. अंगणात ढकलायला सोपं जावं म्हणून पुढच्या पायांनाही लहान लहान चाकं लावली. पिकअपच्या हौद्यात मोठ्या तव्यासारखं जाडजूड लोखंडी ताट बसवलं. घराच्या नाकाखालची खुंटी त्यात जाऊन बसायची आणि खिट्टी पडायची. त्या ताटालाच ट्रेलरवाले पाचवं चाक म्हणतात. किन्हवली रोडवरच्या त्यांच्या गावात याचं फार हसू झालं. "पाचवं चाक म्हनतंस, मोजली तं दोनच हायेत रे काळू!" शेवटी सगळे त्याला डबाच म्हणू लागले.

देवकी त्या डब्यात कधी बसली नाही. पहाटे तुळशीला पाणी घालून दिवा लावायचा, आणि दिवा लागेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, हा सासूने घालून दिलेला नेम तिने कधी मोडला नव्हता. काळूराम दर खेपेला निघताना विचारी, "येतंस?" आणि ती म्हणे, "माझा दिवा कोन लावील?" या वेळी तो काही न बोलता नुसता हसला. ते हसू बघून तिला कसंसंच झालं. ती म्हणाली, "पुढच्या खेपेला नक्की येईन. वचन देते."

गौरी-गणपती बोळवून चौघे निघाले. काळूराम, साईनाथ, दीपेश आणि वाशिंदचा भगीरथ. भगीरथ म्हणजे काळूरामचा ट्रेलरवरचा जुना जोडीदार. टोकावड्याच्या पुढे काळू नदीच्या काठी, ठाकरांच्या वाडीखालच्या माळावर दर वर्षीसारखा मुक्काम पडला; संध्याकाळीच डबा पिकअपपासून सोडवून उभा केला. सकाळी साईनाथ आणि दीपेश पिकअप घेऊन दूध आणायला गेले. परतले तेव्हा डबा उतारावरून घसरत जाऊन खालच्या दरडीला टेकला होता. डबा आणि दरड यांच्यामध्ये काळूराम होता.

घरी आणल्यावर देवकीने त्याचा हात शेवटचा हातात घेतला. तळव्याच्या रेषांत तेलकट, तांबडं काहीतरी बसलं होतं. रक्त असेल, म्हणून तिने नजर वळवली.

पोलिसांनी अपघात लिहिला. गावाने मात्र दोषी ठरवला. उजव्या चाकाचा दगड खाली घसरलेला सापडला. डाव्या चाकाचा दगड कुठेच नव्हता. दगड लावायचं काम दीपेशचं होतं.

दीपेश देवकीच्या दिराचा मुलगा. आईबाप लहानपणीच गेले, देवकीनेच त्याला वाढवलं. तिची लेक नम्रता त्याला दर वर्षी राखी बांधायची. तेराव्याच्या दिवशी पानं उचलून झाल्यावर नम्रता त्याच्याकडे न बघता म्हणाली, "या घरात एक तर हा राहील, नायतर मी येईन."

दीपेशने त्याच संध्याकाळी पिशवी भरली आणि तो खर्डीला मित्राच्या खोलीवर गेला.

देवकी त्याला भेटायला खर्डीला गेली तेव्हा तो दाराच्या उंबऱ्यावर बसला होता. दाढी वाढलेली. मनगटावर राखीचा विटका धागा तसाच.

"दसरा झाला का वापीला जातो, काकू. गोदामात काम हाय. तिथं गाडी चालवायला लागत नाय."

"परत कधी येशील?"

त्याने तोंड फिरवलं.

"मला एकच सांग. दगड लावला होतास?"

दीपेशने आपल्या हातांकडे पाहिलं. "पयले काही दिवस मी शपथेवर सांगत होतो, लावला, दोनी चाकांना लावला. पन सगळे इतक्यांदा बोलले, का मला आता आठवतच नाय. डोळे मिटले का चाक दिसतं, नि चाकाखाली काय पन नसतं. मीच मारला का गो काकाला?"

देवकीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हो म्हणता येईना, नाही म्हणायला आधार नव्हता.

परतीच्या वाटेवर दोन गोष्टी तिच्या मनातून जाईनात. डाव्या चाकाला दगड नसता, तर डबा संध्याकाळीच घसरला असता. तो रात्रभर उभा राहिला आणि सकाळी कसा सुटला? आणि दुसरी गोष्ट तर तिला उन्हातही थंड करून गेली. सुटल्या गाडीमागे धावायचं नाही, हे ज्याने जन्मभर शिकवलं, तो माणूस त्या सकाळी गाडीच्या पुढे जाऊन का उभा राहिला?

२

साईनाथने तिला दुकानात आलेली पाहिलं आणि तो गडबडीने उठला. स्टुलावरची धूळ त्याने बाहीनेच पुसली.

"वहिनी, तुमी कशाला आलात? मला बोलवायचं ना."

"बसायला आले थोडी." तिचा आवाज इतका हळू होता की त्याला ग्राइंडर बंद करावा लागला. "यांच्या चपला तूच आणून दिल्यास ना घरी?"

"हां."

"कुठं होत्या?"

"डब्याच्या वरच्या अंगाला ऐनाचं झाड हाय ना, त्याच्याखाली. लोक म्हनले धक्क्यानं उडाल्या असतील."

"डबा खाली गेला आणि चपला वर उडाल्या?"

साईनाथने डोळे मिटून घेतले, जणू तो माळ पुन्हा बघत होता. "नाय वहिनी. उडाल्या नव्हत्या. जोडीनं ठेवल्या व्हत्या. देवळाच्या दारात ठेवतात तशा."

देवकीने पदर घट्ट केला. काळूरामला साखरेचा आजार होता. पायाची एक जखम भरायला पावसाळाभर लागला होता, आणि तेव्हापासून डॉक्टरने दम दिला होता की अनवाणी पाऊल टाकायचं नाही. तो मोरीतसुद्धा रबरी चपला घालून जाई. घरात एकाच ठिकाणी त्या काढी, देव्हाऱ्यासमोर.

"डब्याला हातब्रेक बसवला होतास ना तू?" तिने विचारलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणूनच विचारलं.

साईनाथच्या हातातली पकड खाली पडली.

ती त्याने उचलली नाही. "दांडा बसवला व्हता, वहिनी. खालची तार जोडायची ऱ्हायली व्हती. गनपतीत कामाची घाई. काळूनं निघताना विचारलं, तार लावली का रं? मी म्हटलं, लावली. म्हटलं, दगड तं असतातच, आल्यावर जोडू." त्याने बाहीने तोंड पुसलं. "कोनाला बोललो नाय. दीपेशचं तोंड बघवत नाय म्हनून त्याच्या वाटेलाच जात नाय."

देवकीला राग यायला हवा होता. आला नाही.

"म्हणजे यांनी ब्रेक ओढला असेल, आणि तो लागला असंच यांना वाटलं असेल."

"दांडा वर ओढलेलाच व्हता, मी बघितला. पन ब्रेक कशाला ओढला? डबा तं उभा व्हता, दगडांवर."

"तेच," देवकी म्हणाली. "दगड असताना ब्रेक कशाला?"

३

डबा आता अंगणात परत आला होता. दुसऱ्या कुणा ड्रायव्हरने तो ओढून आणला, जांभळीखाली उभा केला, आणि तेव्हापासून कुणी त्याचं दार उघडलं नव्हतं.

किल्ली मात्र कुणीतरी मागितली होती. तेराव्याला आलेला भगीरथ जाता जाता म्हणाला होता, "वहिनी, माझी बॅटरी ऱ्हायली आत. किल्ली द्या, काढून घेतो." देवकी म्हणाली, नंतर बघू. पुढे एकदा मुद्दाम वाशिंदहून आला, तेव्हाही बॅटरीच. एका बॅटरीसाठी एवढी पायपीट? त्या वेळी तिने मनावर घेतलं नव्हतं. भगीरथ माळकरी, बायको गेल्यावर तो दारूच्या फार आहारी गेला होता, तेव्हा काळूरामनेच त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती. तेराव्याला त्याचा गळा मोकळा बघून ती म्हणाली होती, "भगीरथभाऊ, माळ कुठंय?"

"नदीत गेली, वहिनी. त्या दिवशी सकाळी मी नदीत आंघोळ करत व्हतो ना. माळ तुटली नि वाहून गेली. तेवढ्यात वरून आवाज आला, म्हनून धावलो, तं हे असं."

सकाळचा दिवा लावून देवकीने किल्ली घेतली. डब्याच्या नाकाशी, पुढच्या पायाजवळ हातब्रेकचा दांडा होता. तो पूर्ण वर ओढलेला होता. साईनाथ खरं बोलला होता, आणि काळूरामनेही आपलं काम नीट केलं होतं.

मग तिने दार उघडलं.

आत मसाल्याचा, डिझेलचा आणि त्याच्या पंच्याचा वास होता. एवढ्या वर्षांत तिने आत पाऊल टाकलं नव्हतं. दोन पायऱ्या चढून ती उभी राहिली आणि समोरच्या भिंतीकडे बघतच राहिली.

पूर्वेच्या खिडकीशेजारी एक नवीन फळी होती. लाकूड अजून पांढरं. फळीला पुढून बोटभर काठ होता, वस्तू घसरू नये म्हणून. मागच्या बाजूला काजळी धरू नये म्हणून पत्र्याचा तुकडा ठोकलेला. फळीखाली लोखंडी कडं होतं, बरोबर तुळशीच्या छोट्या कुंडीच्या मापाचं.

माझा दिवा कोण लावील, असं ती विचारायची. त्याने उत्तर करून ठेवलं होतं आणि न सांगता हसला होता. पुढच्या खेपेला दाखवणार होता.

देवकी बाकावर बसली आणि त्या फळीला हात लावून खूप रडली. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा तिला असं रडताच आलं नव्हतं.

डोळे पुसून उठताना तिचं लक्ष बाकाच्या उशाकडच्या खिळ्याकडे गेलं. खिळ्याला तुळशीची माळ टांगलेली होती. तिने ती हातात घेतली. मणी सगळे होते. गाठ शाबूत होती. माळ तुटली नव्हती, की नदीत गेली नव्हती. कुणीतरी ती गळ्यातून सोडून, जपून, झोपायच्या जागेशी अडकवली होती.

माळकरी माणूस स्वतःच्या हाताने माळ केव्हा उतरवतो, हे देवकीला चांगलं ठाऊक होतं.

४

दुसऱ्या दिवशी ती मुरबाडला उतरून टोकावड्याच्या एसटीत बसली. भगीरथला विचारायच्या आधी तिला ती जागा बघायची होती.

भात पोटरीला आलं होतं. वाडीच्या खालचा माळ ओला, हिरवा, आणि अगदी शांत. एक म्हातारी शेळ्या हाकत होती. देवकीला बघून तीच जवळ आली.

"त्या डबेवाल्याची बाय गो तू?"

"हो. तुम्ही जिवलीबाय ना? हे तुमचं नाव घ्यायचे."

"घेईल ना. दर साली माझ्यासाठी चहापत्ती नि साकर आनायचा. म्हनायचा, जिवले, माझी बायको लय देवाची हाय, एक दिस आनीन तुला दाखवायला." म्हातारीने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आनली नाय. आता आपली आपनच आलीस."

देवकीने विचारलं, "ऐनाचं झाड कोणतं?"

झाड उताराच्या वरच्या अंगाला होतं. बुंध्याशी, मुळांच्या बेचक्यात, शेंदूर फासलेला एक दगड उभा होता. खालून रुंद, वर निमुळता, पाचरीसारखा. वाडीचा वाघोबा.

देवकीने आपोआप चपला काढल्या. काढल्या आणि तिथेच थांबली. आपले अनवाणी पाय आणि शेजारच्या जोडीने ठेवलेल्या आपल्याच चपला ती बघत राहिली. काळूरामच्या चपला इथेच होत्या. याच्यासाठीच निघाल्या होत्या.

ती वाकली, हात जोडले, आणि वाकल्यावर तिला देवाच्या एका कुशीवर काळी, रुंद रेघ दिसली. बोटाने चोळली तरी जाईना. रबराची. बोटाला मात्र शेंदूर लागला, तेलकट, तांबडा, बोटाच्या रेषांत शिरून बसणारा.

तिला तो हात आठवला. रक्त नव्हतं ते.

"जिवलीबाय," ती हळूच म्हणाली, "हा देव मध्यंतरी इथून हलला होता का?"

म्हातारीने आधी इकडेतिकडे बघितलं. "तुला कोनी सांगलं?"

"देवानेच."

जिवली तिच्याशेजारी उकिडवी बसली. "यंदा लय पाऊस. देव पालथा पडला व्हता, तोंड मातीत, वर शेवाळ. मी म्हनलं, दिवाळीत वाघबारसेला बसवीन, शेंदूर लावीन. त्या दिसाला आरडावरडा झाला म्हनून आले, तं देव उभा! म्होरं रानफूल ठेवल्यालं. पन तोंड नदीकडं. आमी डोंगराकडं ठेवतो. म्हंजे वाडीतल्या कोनी नाय बसवला. नि आंगाला ही काळी रेघ."

"मग कुणाला बोलला नाहीत?"

"भ्याले. देव चाकाखाली घातला म्हनून देवानं मानूस नेला, असं म्हनले असते सगले. मेल्या मानसाच्या नावाला कशाला बट्टा?" तिने देवकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वाघ्या असा नाय गो. तो राखतो."

देवकीला आता जवळजवळ सगळं दिसत होतं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात दीपेशने पाचरीसारखा चांगला दगड बघून उचलला. शेवाळ वर, शेंदूर खाली. रात्रीच्या पावसाने माती धुतली, आणि सकाळी काळूरामला चाकाखाली देव दिसला. त्याने ब्रेक ओढला, तो लागला असं समजला, आणि दुसरा दगड आणण्याएवढासुद्धा दम न धरता देव सोडवून घेतला. सोडवून वर आणला, चपला काढल्या, बसवला, फूल वाहिलं. तोवर एकट्या उजव्या दगडाने चिखलात डबा धरून ठेवला होता. मग तो दगडही घसरला.

एवढ्यावर काळूराम जिवंत असायला हवा होता. तो वर होता, सुरक्षित होता, आणि लोखंड परत मिळतं हे त्याचंच बोलणं.

देवकीने कमरेची पिशवी चाचपली. आत माळ होती.

५

तिने भगीरथला निरोप धाडला, बॅटरी घेऊन जा. तो पहिल्याच गाडीने आला. अंगणात पाऊल टाकलं तेव्हा देवकी तुळशीपाशी कळशी घेऊन उभी होती, आणि दिवा अजून लागायचा होता.

"वहिनी, लवकर आलो का? असू द्या, तुमचा नेम होऊ द्या. मी बसतो." तो ओट्याच्या कडेवर टेकला. "किल्ली कुठं हाय ते नुसतं दाखवा, बॅटरी मीच काढून घेईन."

देवकीने कळशी खाली ठेवली. कमरेच्या पिशवीतून माळ काढली आणि त्याच्या शेजारी ओट्यावर ठेवली. मग ती पुन्हा तुळशीकडे वळली.

तिने कळशी उचलून ओतली. पाणी आळ्यात मुरत होतं.

"नदीत मिळाली का काय तुम्हाला?" भगीरथ हसायला गेला. ते हसू अर्ध्यातच संपलं. "बोला ना वहिनी. शिव्या द्या. पन बोला काय तरी."

ती बोलू शकत नव्हती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. वात वळत ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"मी नदीवर नव्हतोच," तो म्हणाला. "आत झोपलो व्हतो. पिशवीत लपवून आनली व्हती. सगळे आडवे झाले, मग माळ काढून ठेवली नि घेतली. माळ गळ्यात ठेवून नाय पिलो, वहिनी, तेवढं तरी..." त्याचं त्यालाच ते ऐकवेना. "सकाळी जाग नाय आली. झोपेत गाडी चालल्यासारखं वाटलं. वाटलं, काळू ट्रेलर चालवतो नि मी मागं झोपलोय. किती दिवसांनी इतकी चांगली झोप लागली व्हती. मग त्याचा आवाज आला. 'भग्या, ऊठ! उडी मार!' दोनदा ओरडला. मला उठताच आलं नाय. पाय उचलला नाय माझा."

देवकीने वात निरांजनात ठेवली.

"तो खिडकीतून दिसला, खालच्या अंगाला धावला. चुलीचं ओंडकं घेतलं व्हतं, चाकाखाली घातलं. डबा थांबला, वहिनी. थांबला म्हनून मी जिवंत हाय. पन थांबता थांबता दरडीला..." त्याने तोंड झाकून घेतलं. "बाहेर आलो, तं त्यानं माझ्याकडं बघितलं. मी धड हाय का, एवढंच बघितलं. नि मी काय केलं? नदीवर जाऊन डोकं भिजवून आलो. पिलो व्हतो ते लोकांना कळू नये म्हनून."

जांभळीवर पाखरं जागी झाली होती. देवकीने दिवा लावला, हात जोडले, तुळशीला प्रदक्षिणा घातली. मग ती वळली.

"हे सगळं," तिचे त्या दिवसाचे पहिले शब्द होते, "आता दीपेशसमोर बोल."

६

दीपेश खर्डीहून आला तो अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. नम्रता दारात होती. तिने आत जायला वळलेलं पाऊल आईने नुसतं "थांब गो" म्हटल्यावर थांबवलं. साईनाथ मान खाली घालून आला. भगीरथ ओट्यावर नाही, खाली जमिनीवर बसला.

आधी तो बोलला, मग साईनाथ. कुणी कुणाला अडवलं नाही. मग देवकीने वाघोबाची गोष्ट सांगितली. शेंदूर, रबराची रेघ, जोडीने ठेवलेल्या चपला. ती इतकी हळू बोलत होती की साईनाथला पुढे सरकून ऐकावं लागलं.

"डाव्या चाकाला दगड होता," ती शेवटी म्हणाली. "दीपेशनेच लावला होता. तो सापडला नाही, कारण तुम्ही सगळे दगड शोधत होता आणि तो देव होऊन झाडाखाली बसला होता."

नम्रताने पहिल्यांदाच दीपेशकडे बघितलं. दीपेश मात्र सुटका झाल्यासारखा दिसत नव्हता. त्याचा चेहरा अधिकच पांढरा पडला.

"म्हंजे मी देव घातला चाकाखाली, काकू? त्याच्यापायी काका..."

हा प्रश्न येणार हे देवकीला माहीत होतं. वाटभर, एसटीच्या खिडकीशी बसून, तिने याच एका प्रश्नाचं उत्तर देवाकडे मागितलं होतं.

"पालथा देव तुला दिसला नाही. यांना दिसला, यांनी उचलून जागेवर बसवला. दोघांनी आपापलं केलं. आणि हे बघ, त्या उतारावर, त्या पावसात, रात्रभर तुम्ही चौघं निजलात. ब्रेक नव्हता. कुणी राखलं रे तुम्हाला? तू लावलेल्या त्याच दगडाने."

दीपेश खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

नम्रता अंगणात उतरली. त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, काय करावं ते न कळून. मग तिने त्याचं मनगट धरलं आणि त्या विटक्या धाग्याची सैल झालेली गाठ पुन्हा घट्ट बांधली.

"हा काढला का नायस रे अजून?"

"तू बांधलेला तूच काढशील म्हनून."

"येडा हायेस," ती म्हणाली.

भगीरथने जाताना माळ उचलली नाही. देवकीने ती त्याच्या हातात ठेवली. "गळ्यात कधी घालायची ते तुझं तू ठरव, भगीरथभाऊ. पण यांनी जीव दिलाय तुझ्यासाठी. तो ओतून नको टाकूस."

फाटकापर्यंत तो अनवाणीच गेला, चपला हातात घेऊन, आणि मग आठवण झाल्यासारखा थांबून त्याने त्या पायात घातल्या.

७

वाघबारसेच्या पहाटे अंगणात धुकं उतरलं होतं. शेजारची बाई आदल्या दिवशी म्हणाली होती, "वर्ष व्हायचंय गो, यंदा सण नाय तुम्हाला." देवकी म्हणाली होती, "सणाला नाही जात. देवाचं तोंड डोंगराकडे करायचंय."

दीपेश वापीला गेला नव्हता. पण काका गेल्यापासून त्याने स्टिअरिंगला हातही लावला नव्हता, आणि देवकीने त्याला एकदाही गाडी काढ म्हटलं नव्हतं. तिने फक्त आदल्या संध्याकाळी पिकअपची किल्ली देव्हाऱ्यापुढे ठेवली होती.

पहाटे ती उठली तेव्हा किल्ली तिथे नव्हती.

पिकअप मागे येत असल्याचा आवाज आला. पाचव्या चाकाचं ताट खुंटीखाली सरकलं, खिट्टी पडली. दीपेशने गाडी जराशी पुढे ओढून बघितली, खाली उतरून खिट्टीवर हात ठेवून बघितला, वाकून नव्या ब्रेकची तार बघितली; ती साईनाथने दोनदा येऊन तपासली होती. मग त्याने पुढचे पाय वर घेतले. शेवटी तो चाकांपाशी गेला. एक दगड काढला, दोन्ही हातांत धरून पालथा केला, खालून नीट बघितला. मग दुसरा, तसाच. मग दोन्ही गाडीत ठेवले.

देवकीने कोपऱ्यातली लहान तुळशीची कुंडी उचलून डब्यातल्या कड्यात बसवली. ती बरोबर बसली. वरच्या फळीवर निरांजन ठेवलं, शेजारी वात आणि तुपाची वाटी. दिवा नदीकाठी पोहोचल्यावर लागणार होता, त्याच्या हाताने ठोकलेल्या फळीवर. तोवर बोलायचं नव्हतं.

नम्रताने नारळ आणि शेंदराची पुडी पुढच्या सीटवर ठेवली, आईच्या अंगावरची शाल सारखी केली, आणि बाजूला झाली.

दीपेश स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि कसं कोण जाणे, काकाच्याच सुरात, तसंच मान तिरकी करून विचारलं, "येतंस, काकू?"

देवकीने अंगणाकडे, रिकाम्या झालेल्या जांभळीखालच्या जागेकडे एकदा पाहिलं. मग ती काही न बोलता त्याच्या शेजारी चढून बसली आणि तिने दार हलकेच ओढून घेतलं.